वाट्याचा बेड

ओळखीने मिळालेल्या बेडवर माणूस वाचला, तर तो बेड त्याचा होता की दुसऱ्या कुणाचा? हा प्रश्न मी पोथीत वाचलेला नाही. आमच्या सानगडीतल्या एका शेतकऱ्याने तो मला 2021च्या पावसाळ्यात विचारला. रोवणी आटोपली होती, बांध्या पाण्याने भरल्या होत्या, आणि हा माणूस मे महिन्यात नागपूरच्या रुग्णालयातून जिवंत परत आलेला. मला म्हणाला, "गुरजी, तो बेड माज्या वाट्याचा होता का जी?"

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य घालवलं. लहानांच्या प्रश्नांना उत्तरं देण्याची सवय आहे. या प्रश्नाचं उत्तर मात्र घाईने देण्यासारखं नव्हतं. आज ते लिहून देतो आहे, कारण ते त्याच्या एकट्याच्या कामाचं नाही.

आधी घडलं ते सांगतो. त्या एप्रिलच्या 12 तारखेला आमच्या भंडारा जिल्ह्यात एकाच दिवशी कोरोनाचे 1,596 बाधित सापडले होते. आदल्या वर्षी हाच जिल्हा एप्रिल संपत येईपर्यंत कोरोनाबाहेर राहिला होता, त्यामुळे ही लाट आमच्यासाठी अंगावर भिंत कोसळावी तशी आली. या माणसाला ताप होता, पण मोहफुलं वेचायचे दिवस, उन्हाळी धानाला पाणी द्यायचे दिवस. तापाकडे कोण पाहतो? आशाताईने बोटाला ऑक्सिमीटर लावला तेव्हा आकडा नव्वदच्या खाली गेलेला. मुलाने गाडी केली. साकोलीहून भंडारा, भंडाऱ्याहून नागपूर; शंभर किलोमीटरच्या त्या रस्त्यात जिथे जिथे दवाखाना दिसला तिथे तिथे गाडी थांबली आणि पुढे निघाली. नागपुरात एका खासगी रुग्णालयाने बेड नाही म्हणून सांगितलं. मग गावातल्या एका कार्यकर्त्याने कुणाला तरी फोन लावला, तिथून कुठल्याशा लोकप्रतिनिधीच्या माणसाने पुढे फोन लावला, आणि ज्या दारातून परत पाठवलं होतं त्याच दारातून त्याला आत घेतलं.

तासाभरापूर्वी बेड नव्हता, फोननंतर तो निघाला. एवढंच असतं तर हा माणूस देवाचे आभार मानून मोकळा झाला असता. पण स्ट्रेचरवर घेताना त्याला दिसलं की फाटकापाशी आणखी एक गाडी उभी आहे, तिच्यात एक म्हातारी बाई आहे आणि नातीने तिचं डोकं मांडीवर घेतलं आहे. ती गाडी यांच्या आधीपासून तिथे होती. हा आत गेला. त्या बाईचं पुढे काय झालं ते त्याला माहीत नाही, मला माहीत नाही, आणि आता कळण्याचा मार्गही नाही.

त्याची बायको शेजारीच उभी राहून ऐकत होती. तिने एका वाक्यात माझी अडचण वाढवली. "मानूस मरते तवा धरम कोन पायते, गुरजी?"

तिचं म्हणणं खोटं नाही. ज्याच्या घरात श्वास अडला आहे त्याने फोन लावू नये, रांगेतल्या अनोळखी बाईचा विचार करून हात जोडून उभं राहावं, असं सांगणारा धर्म मला माणसांचा वाटत नाही. पोटच्या माणसासाठी धडपडणं ही करुणेची पहिली पायरी आहे. ती ज्याला चढता येत नाही तो पुढच्या पायऱ्यांवर कसा जाणार? म्हणून मागणाऱ्याच्या बाजूने माझा निकाल स्पष्ट आहे: त्याला पाप नाही, त्याच्या मुलालाही नाही. प्रश्न तिथे संपत नाही, तो वर सरकतो. ज्याच्याकडे मागितलं, ज्याच्या एका शब्दाने बंद दार उघडलं, त्याचा धर्म कोणता?

माझ्या वडिलांना पोथीचा नाद होता. चातुर्मासात आमच्या ओसरीवर श्रीधरांचा पांडवप्रताप लागायचा. महाभारतातली यक्षाची गोष्ट मी तेव्हापासून ऐकत आलो. ती तळ्याकाठची गोष्ट आहे, आणि आमचा तर तलावांचाच जिल्हा. लहानपणी मला वाटायचं, ती शिवनीबांधच्या पाळीवरच घडली असेल. तहानेने कासावीस झालेले चार पांडव एकापाठोपाठ एक तळ्यावर जातात, यक्षाला उत्तर न देता पाणी पितात आणि पडतात. युधिष्ठिर शेवटी जातो, सगळ्या प्रश्नांची उत्तरं देतो. आपल्याकडे कीर्तनात त्या प्रश्नोत्तरांवरच तास जातो. मला मात्र त्यानंतरचा प्रसंग अधिक मोलाचा वाटत आला आहे. यक्ष म्हणतो, चौघांपैकी एकाला उठवतो, कोण हवा ते सांग.

एकच बेड, आणि चार माणसं.

युधिष्ठिर भीमाचं नाव घेत नाही, ज्याच्या बळावर वनवास निभावला. अर्जुनाचं घेत नाही, ज्याच्या धनुष्याशिवाय पुढचं युद्ध अशक्य होतं. तो नकुलाला मागतो. यक्ष चकित होऊन कारण विचारतो. युधिष्ठिराचं उत्तर सरळ आहे: वडिलांच्या दोन बायका, कुंती आणि माद्री. कुंतीचा एक मुलगा मी जिवंत आहे. माद्रीचाही एक असावा.

या उत्तरातली एक गोष्ट मला महामारीच्या दिवसांतच कळली. माद्री तेव्हा या जगात नव्हती. पांडूबरोबर ती कधीच गेली होती. तिची बाजू मांडायला तिथे कुणी नव्हतं, तिच्या वतीने शब्द टाकणारा कुणी नव्हता. कुंती हयात होती, तिचं दुःख उद्या डोळ्यांना दिसणार होतं, भीम-अर्जुनावाचून होणारं नुकसान तर उद्याच अंगावर येणार होतं. तरीही युधिष्ठिराला त्या क्षणी आठवली ती गैरहजर बाई. जिच्यासाठी कुणीही फोन करणार नव्हतं, तिचा वाटा त्याने आधी बाजूला काढला. फाटकापाशी उभ्या गाडीतल्या म्हातारीचा विचार करताना मला ही गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते.

गोष्टीचा शेवट सुखाचा आहे, यक्ष प्रसन्न होतो आणि चौघांनाही उठवतो. 2021च्या एप्रिलमध्ये कुठल्याही वॉर्डात असा यक्ष आला नाही. म्हणून आपल्याला ही गोष्ट शेवट काढून वाचावी लागते. निवड केली, एक उठला, तीन पडून राहिले, आणि युधिष्ठिराला तेच घेऊन जगायचं आहे, असं समजून वाचा. मग त्याच्या उत्तराचं वजन कळतं.

आणखी एक फरक आहे, तो झाकून ठेवता येत नाही. युधिष्ठिराने जे सोडलं ते स्वतःचं सोडलं. भीम त्याचा सख्खा भाऊ, अर्जुन त्याचा सख्खा भाऊ. दुसऱ्याच्या भावाचा बळी देऊन त्याने नकुलाला वाचवलं नाही. शिफारशीच्या फोनमध्ये नेमकं उलटं घडतं. फोन करणाऱ्याचं काहीच जात नाही. जातं ते फाटकाबाहेरच्या माणसाचं, आणि त्याला विचारलेलंही नसतं.

सावित्रीबाई फुले यांचं मरण या संदर्भात मला फार मोठं वाटतं. 1897च्या प्लेगात पुण्याजवळच्या मुंढव्याच्या एका मुलाला प्लेग झाल्याचं कळताच त्यांनी त्याला पाठीवर घेतलं आणि मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात नेलं. त्याच साथीने 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. एकाच मुलासाठीची ती करुणा होती, एकाच नावाची, एकाच चेहऱ्याची. पण त्यासाठी त्यांनी दुसऱ्या कुणाची जागा घेतली नाही. स्वतःची पाठ दिली आणि स्वतःचा श्वास दिला. ज्याला एकट्या माणसावर दया करायची आहे त्याच्यासाठी हाच दाखला पुरेसा आहे.

पण ज्याच्याकडे बेड मागितला जातो त्या आमदाराला पाठ देऊन भागत नाही. त्याच्या मतदारसंघात लाखो माणसं असतात. त्याच प्लेगात, त्याच पुण्यात, दुसरा एक माणूस होता, आणि तो तेव्हा खरोखरच मुंबई कायदेमंडळाचा सभासद होता: लोकमान्य टिळक. शहर ओस पडत असताना टिळक पुण्यात राहिले, हिंदूंसाठी प्लेगचं रुग्णालय उभं करण्यात त्यांनी पुढाकार घेतला, आणि शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांना केसरीतून खडे बोल सुनावले. घरझडतीच्या नावाखाली सोल्जरांनी चालवलेल्या जुलमावर त्यांनी लिहिलं, आणि रोग्याला वेगळं ठेवणं, स्वच्छता पाळणं गरजेचं आहे हेही लिहिलं. म्हणजे सरकारला न आवडणारं आणि लोकांना न आवडणारं, दोन्ही एकाच कागदावर छापलं. टिळकांची प्रत्येक भूमिका मला मान्य आहे असं नाही. संमतिवयाच्या वादात ते जिथे उभे होते तिथे मी उभा राहू शकत नाही. पण साथीत लोकप्रतिनिधीने काय करावं याचा धडा या मातीत सव्वाशे वर्षांपूर्वी घालून दिलेला आहे: गाव सोडू नये, आणि खरं सगळ्यांना एकदम सांगावं.

इथे मला माझ्या खडूच्या फलकाबद्दल सांगावं लागेल. दुसरी लाट चढू लागली तेव्हा ग्रामपंचायतीसमोरच्या फलकावर मी रोज सकाळी जिल्ह्याच्या बातमीपत्रातले आकडे लिहायला घेतले. बाधित किती, बरे झाले किती, गेले किती. मग लक्षात आलं की गावाला याहून वेगळी माहिती हवी आहे. ऑक्सिजनचा बेड कुठे रिकामा आहे? लस कोणत्या दिवशी येणार? तपासणी किती वाजेपर्यंत होते? दिसेल ते, कळेल ते, तालुक्याच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना विचारून लिहू लागलो. कधी शिल्लक बेडच्या रकान्यात शून्य लिहावं लागे.

गावातल्या एका जाणत्या माणसाने मला थांबवलं. "गुरजी, लोकाइले भेव नोका दाखवू." त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्या काळात दवाखान्यात गेलेला परत येत नाही अशी बोलवा गावोगाव होती, माणसं तपासणीला भीत होती. त्यात शून्याचा आकडा कशाला? खरं बोलावं पण गोड बोलावं, कडू खरं बोलू नये, असं आपल्याकडे फार जुन्या काळापासून सांगत आले आहेत. एरवी ते शहाणपणाचं आहे. साथीत मात्र मला ते मान्य नाही, आणि याचं कारण कुठल्या तत्त्वापेक्षा त्या शेतकऱ्याच्या गाडीने रात्रभर केलेली वणवण आहे. जिथे बेड नव्हता तिथे गाडी थांबली, कारण बेड नाही हे कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक थांब्यावर त्याच्या रक्तातला प्राणवायू खाली जात होता. लपवलेला शून्य माणसाला भीतीपासून वाचवत नाही, तो त्याला चुकीच्या दारात नेऊन उभं करतो. फलकावर शून्य लिहिल्याच्या दिवसांत गावातल्या लग्नघरांनी मांडव लहान केले, वऱ्हाड कमी बोलावलं. लोक घाबरले असतील, पण घाबरून शहाण्यासारखे वागले.

भीती दाखवू नये म्हणणाऱ्यांना मी 9 जानेवारी 2021ची आठवण देतो. त्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. त्याआधी त्या इमारतीत आग विझवण्याची सोय काय आहे, हा प्रश्न आमच्या गावात कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. आम्हाला ठाऊकच नव्हतं की तो विचारायचा असतो. आपल्या दवाखान्यात काय आहे ते प्रत्येक पुढारी उद्घाटनाच्या दिवशी सांगतो. काय नाही, ते सांगणारा दिवस पंचांगात नाही.

आमच्या साकोली मतदारसंघाचे आमदार नानाभाऊ पटोले. पहिल्या लाटेत ते विधानसभेचे अध्यक्ष होते, 4 फेब्रुवारी 2021 ला ते पद सोडून काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष झाले. मी इथे त्यांच्या कामाचा हिशेब मांडत नाही, मला त्यांच्या खुर्चीतला पेच दाखवायचा आहे. अख्खं गाव ज्याला आपला माणूस म्हणतं, त्याच्या अध्यक्षाच्या खुर्चीचा धर्म सभागृहातल्या 288 जणांना एका नजरेने पाहण्याचा होता. आणि खरं पाहिलं तर प्रत्येक आमदाराच्या खुर्चीत हा पेच असतो. मत देताना आपण त्याला आपला म्हणून निवडतो. निवडून आल्यावर तो ज्यांनी मत दिलं नाही त्यांचाही होतो. गावातला कार्यकर्ता पहिल्या नात्याने फोन लावतो. फाटकाबाहेरची बाई दुसऱ्या नात्याने त्याची आहे, पण तिला ते ठाऊक नसतं.

त्या काळात आमदाराला बोलायची जागाही उरली नव्हती. 2020चं अर्थसंकल्पी अधिवेशन 14 मार्चला आटोपतं घेतलं गेलं. सप्टेंबरमध्ये पावसाळी अधिवेशन दोन दिवसांचं झालं. डिसेंबरचं हिवाळी अधिवेशन आमच्या नागपूरला व्हायचं, ते मुंबईत झालं, तेही दोनच दिवस. ज्या सभागृहात आमच्या दवाखान्याचा प्रश्न विचारला जायचा त्याचं दार जवळपास बंद. मग लोकप्रतिनिधीने आपल्या लोकांना दिलेला निरोप हाच काय तो उरलेला धागा होता. राज्यभर असे निरोप व्हॉट्सॲपवर फिरत होते. मी बरेच पाहिले. काहींत सॅनिटायझर वाटतानाचे फोटो होते, हात जोडलेले, वाढदिवसाच्या शुभेच्छांसारखे रंगीत. काहींत नुसती यादी होती: कोविड केअर सेंटर कुठे, खाटा किती, डॉक्टर कोण, निधीतून काय मागवलं, काय यायचं बाकी आहे. दुसऱ्या प्रकारचे निरोप लोकांनी छापून भिंतीला लावले.

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. राज्य सरकारने मार्च 2020 मध्ये आमदारांना स्थानिक विकास निधीतून वैद्यकीय साहित्यासाठी 50 लाखांपर्यंत खर्चाची मुभा दिली, एप्रिल 2021 मध्ये ती मर्यादा एक कोटीवर नेली. खासदारांचा निधी मात्र केंद्राने एप्रिल 2020 मध्येच दोन वर्षांसाठी थांबवला होता. म्हणजे गावाच्या दवाखान्यासाठी लोकप्रतिनिधीच्या हातात जी थैली होती ती आमदाराची. तिच्यातून काय आलं, कुठे ठेवलं, चालू आहे की बंद पडलं आहे, हे सांगणं म्हणजे प्रसिद्धी नव्हे. ज्यांचा पैसा त्यांना दिलेला तो हिशेब आहे.

काहींनी तिसरी वाट काढली, आणि तिला मी नमस्कार करतो. पारनेरचे तेव्हाचे आमदार निलेश लंके यांनी भाळवणीला हजारांहून अधिक खाटांचं कोविड केंद्र उभारलं आणि ते स्वतः रुग्णांमध्ये वावरत राहिले. रांग मोडून एकाला आत ढकलण्यापेक्षा रांगच तोकडी करायची, ही ती वाट. यक्षासमोर उभं राहून चौघांपैकी एक निवडण्याऐवजी तळ्याचं पाणीच शुद्ध करण्यासारखं ते काम आहे. दुसऱ्याचा वाटा न घेता वाटे वाढवता येतात, हे तिथे दिसलं. पण वाटे वाढवण्यालाही सीमा असते. भिलाईच्या पोलाद कारखान्याकडून नागपूरकडे निघालेले ऑक्सिजनचे टँकर आमच्या साकोलीच्या महामार्गावरूनच जात. टँकर डोळ्यांसमोरून जात, पण त्यातला किती कुणाला, हे वर कुठे तरी ठरे, आणि ते ठरवणाऱ्यांकडेही पुरेसा नव्हताच. जिथे खरोखरच कमी आहे तिथे कमी आहे असं सांगण्याला पर्याय नाही.

राज्यकर्त्याने असं उघड सांगणं आमच्या भागाला नवं नाही. आमच्या जिल्ह्यात पवनीला बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले आहेत, जवळच्या चंद्रपूर जिल्ह्यात देवटेकला अशोककालीन मानला जाणारा शिलालेख मिळाला आहे. या भागाला राज्यकर्त्याने दगडावर कोरून लोकांशी बोलण्याची ओळख दोन हजार वर्षांपूर्वीपासून आहे. अशोकाच्या मोठ्या शिलालेखांपैकी दुसऱ्यात माणसांसाठी आणि जनावरांसाठी उपचारांची सोय केल्याचं, औषधी वनस्पती लावल्याचं, रस्त्यांवर विहिरी खोदल्याचं सांगितलं आहे. सहाव्यात तो म्हणतो की मी जेवत असेन, अंतःपुरात असेन, रथात असेन, बागेत असेन, कुठेही असलो तरी लोकांची खबर माझ्यापर्यंत आणावी. आणि या सगळ्या धडपडीचं कारण म्हणून तो जीवमात्रांचं ऋण फेडण्याची गोष्ट करतो. लोकांवर उपकार करतो आहे असं तो म्हणत नाही. आपण देणेकरी आहोत असं म्हणतो. आणि हे सगळं त्याने कुणाच्या कानात सांगितलं नाही, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही वाचता यावं म्हणून दगडावर घातलं.

कानात सांगितलेल्या माहितीने मेहेरबानी तयार होते. ज्याला सांगितलं तो आयुष्यभर मिंधा राहतो, पुढच्या निवडणुकीत झेंडा धरतो, आणि ज्याला सांगितलं नाही तो फाटकाबाहेर राहतो. चौकात सांगितलेली माहिती कुणालाच मिंधं करत नाही. म्हणूनच, मला वाटतं, पुढाऱ्यांना ती सांगायला जड जातं. तथागतांनी मैत्री, करुणा, मुदिता यांच्या जोडीला चौथी समचित्तता ठेवली, जवळचा आणि लांबचा यांच्याबाबत मन डगमगू न देण्याची. आमच्या गावच्या विहारात वैशाख पौर्णिमेला पहिल्या तीनांवर भरपूर बोललं जातं. चौथीवर कमी बोललं जातं, कारण ती अवघड आहे, आणि आई-बापाला तर ती जवळजवळ अशक्य आहे. त्यांच्याकडून ती मागूही नये. पण जो स्वतःहून लाखोंचा प्रतिनिधी व्हायला उभा राहतो त्याच्याकडून तीच आधी मागावी. करुणा त्याच्याकडे नसली तरी डॉक्टर आहे, आशाताई आहे, घरचे आहेत. समचित्तता त्याच्याकडे नसली तर ती दुसऱ्या कुणाकडे असणार?

म्हणून माझा निकाल असा. आमदाराने रुग्णालयाला फोन करावा, जरूर करावा. बेड किती आहेत ते विचारायला करावा, ऑक्सिजन का पोचला नाही ते विचारायला करावा, आधी आलेल्या गरीब बाईला बाहेर का ठेवलं याचा जाब विचारायला करावा. अमक्याला आत घ्या, असं सांगायला करू नये. कोण आत जाणार हे श्वास मोजणाऱ्या डॉक्टरने ठरवावं. आणि फोनवर जे कळलं ते त्याच दिवशी सगळ्या मतदारसंघाला कळवावं, आहे तेही आणि नाही तेही. हे कठोर वाटेल. स्वतःच्या गावच्या माणसाला नाही म्हणणं आमदाराला सोपं नाही, मला कल्पना आहे. पण युधिष्ठिरालाही भीमाचं नाव टाळणं सोपं गेलं नसेल.

ऑगस्ट 2021 मध्ये जिल्ह्यात एकही सक्रिय रुग्ण उरला नाही आणि राज्यातला पहिला कोरोनामुक्त जिल्हा म्हणून भंडाऱ्याचं नाव झालं. तोवर सरकारी नोंदीत आमची 1,133 माणसं गेली होती. त्यातले किती जण एखाद्या फाटकाबाहेर गेले, याची नोंद कुठल्याच रकान्यात नाही.

आता त्या शेतकऱ्याला उत्तर. भाऊ, तो बेड तुझ्या वाट्याचा होता की त्या बाईच्या, हे तू ठरवू शकत नव्हतास आणि तुझ्यावर ते ओझं टाकायलाच नको होतं. तुझा श्वास तुझाच आहे, तो घेताना मान खाली घालू नकोस. पण त्या गाडीची आठवण विसरूही नकोस, कारण तिची साक्ष देणारा गावात तू एकटा आहेस. तुझ्या प्रश्नाचं ओझं ज्यांनी उचलायचं त्यांच्यासमोर तो मोठ्याने विचार.

आणि वाचकहो, तुम्हालाही हे करता येईल. माहितीचा अधिकार कायदा 2005 पासून आहे, आणि त्याच्या कलम 4 नुसार सरकारी कार्यालयांनी आपली माहिती न मागता जाहीर करायची आहे. ग्रामसभा वर्षातून अनेकदा होतात. पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडा: आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात खाटा किती, ऑक्सिजन किती, सापाच्या विषावरचं औषध शिल्लक आहे की नाही, कोणतं यंत्र बंद आहे, डॉक्टरची कोणती जागा रिकामी आहे, हे दारावरच्या फलकावर दर सोमवारी लिहिलं जावं. ठरावाची प्रत तुमच्या आमदाराला द्या, आणि दर तीन महिन्यांनी अशीच यादी अख्ख्या मतदारसंघाची त्यांनी स्वतः जाहीर करावी असं लेखी मागा. साथ नसतानाच हे मागून घ्या.